सही कोणाची?

बरेच दिवसांत काही लिहिणं झालं नाही. गुडघा, डोळ्यांचे थेंब, पाहुणेरावळे, एक ना दोन. पण मागच्या आठवड्यात एका विद्यापीठातून परत येताना एसटीत बसल्या बसल्या जो संताप झाला तो अजून उतरलेला नाही. राग कागदावर उतरवला की माझा रक्तदाबही उतरतो असा जुना अनुभव आहे, म्हणून बसले लिहायला. कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही. एकाला नावं ठेवली की बाकीची सगळी सोवळ्यात जाऊन बसतात.

झालं असं. ज्योत्स्ना नावाची माझी एक जुनी विद्यार्थिनी. पाचवीत असताना तिला स्वतःचं नाव लिहिता यायचं नाही. कधी जोस्ना, कधी ज्योसना. आता त, स आणि न एकमेकांच्या खांद्यावर बसलेले, दहा वर्षांच्या पोरीला कसं जमावं? मी तिला फळ्यावर एकेक अक्षर सोडवून दाखवलं आणि वहीत पन्नास वेळा लिहायला लावलं. एक्कावन्नाव्या वेळी तिनं न बघता लिहिलं आणि वही माझ्यासमोर धरून उभी राहिली. तो चेहरा मला अजून आठवतो. त्या ज्योत्स्नाची धाकटी मुलगी गेल्या वर्षी बीएस्सी झाली. घराण्यातली पहिली पदवीधर. पदवी प्रमाणपत्र आलं, त्यावर मुलीचं नाव बरोबर, आडनाव बरोबर, आणि आईचं नाव 'जोत्सना'. इंग्रजीतसुद्धा त्याच चालीवर.

पोरीची एका नोकरीसाठी निवड झाली होती. कागदपत्रं तपासताना तिथल्या साहेबांनी बोट ठेवलं, दहावीच्या कागदावर आईचं नाव एक आणि पदवीवर दुसरं, हे चालणार नाही, महिन्याभरात दुरुस्त करून आणा. पोरगी दोनदा जाऊन हात हलवत परत आली. तिसऱ्या खेपेला ज्योत्स्ना म्हणाली, "बाई, तुम्ही जरा येता का हिच्याबरोबर? तुमच्याशी नीट बोलतील." गेले.

नीटच बोलले हो. खिडकीमागचा मुलगा अगदी सभ्य होता, 'आजी, बसा' म्हणाला, पंखाही माझ्याकडे वळवला. दुरुस्तीचं शुल्क पाचशे रुपये, शिवाय नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र. मी विचारलं, "चूक आमची आहे का?" तर म्हणाला, "नाही हो आजी, तिनं अर्ज बरोबरच भरलाय." "मग पाचशे रुपये कसले?" "तो नियम आहे." "मग चूक केली कोणी?" त्यावर त्यानं जे उत्तर दिलं ते मी पिशवीतल्या डायरीत तिथंच लिहून घेतलं. "आजी, डेटा एक एजन्सी भरते. छपाई दुसरी एजन्सी करते. आम्ही फक्त वाटप करतो."

आम्ही फक्त वाटप करतो! रेशनच्या दुकानदारानं तांदळातल्या खड्यांबद्दल हेच सांगितलं असतं, आणि त्याचं मी ऐकूनही घेतलं असतं. पण विद्यापीठानं?

साहेब जेवायला गेले होते, तेव्हा तासभर मोकळा होता. मला तिथल्या जुन्या छापखान्याची इमारत आठवत होती. मोठ्या दारावर 'विद्यापीठ मुद्रणालय' अशी दगडात कोरलेली अक्षरं. अक्षरं अजून आहेत, पण त्यांच्यावर आता काचेची पाटी आली आहे : 'मुद्रण, डिझाइन व जाहिरात सेवा कक्ष'. दारासमोर हिरवळीवर एक ट्रेडल मशीन ठेवलं आहे, सोनेरी रंग फासून. चाकालाही सोनेरी रंग, त्यामुळे ते आता फिरतही नाही. त्याच्यासमोर उभी राहून दोन मुली फोटो काढत होत्या. त्यांचा काय दोष, फोटो छानच येत असेल.

आत गार हवा. दोन तरुण मोठमोठ्या पडद्यांवर पदवीदान समारंभाचे फ्लेक्स करत होते. चांगली मुलं, हात कसबी. टेबलावर त्या कक्षाचं आठ पानी रंगीत वार्तापत्र होतं, 'घ्या आजी' म्हणाले. जाड, गुळगुळीत कागद. आमच्या काळी लग्नपत्रिकेलासुद्धा असा कागद परवडायचा नाही.

ते मी परतीच्या एसटीत अथपासून इतिपर्यंत वाचलं. नवं बोधचिन्ह आलं आहे. त्याचा निळा रंग नेमका कोणता, त्याच्या चारी बाजूंना किती मिलिमीटर जागा मोकळी सोडायची, ते कुठल्या रंगावर ठेवायचं नाही, ह्यावर एक अख्खं पान. प्रवेशाच्या हंगामात कुठकुठल्या वर्तमानपत्रांना पानभर जाहिराती दिल्या त्यांची छायाचित्रं. नॅकच्या समितीसाठी केलेली माहितीपुस्तिका. मान्यवरांच्या हस्ते काय काय झालं ते. आणि ह्या सगळ्यात मुद्रितशोधन हा शब्द एकदासुद्धा नाही. छापलेलं कोणी वाचतं का, कोण वाचतं, चूक सापडली तर कोणाकडे जायचं, एक ओळ नाही. बोधचिन्हाभोवती किती जागा सोडायची ह्याचा नियम आहे, ज्योत्स्नाच्या नावात किती अक्षरं जोडायची ह्याचा नाही. आणि हो, त्या आठ पानांत मला तेवीस चुका सापडल्या. पहिली मुखपृष्ठावरच, 'विद्यापिठ'.

माझ्या संतापाचं मूळ समजायला मला थोडं मागे जावं लागेल. आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका गावातल्या एका छोट्या छापखान्यात छापल्या जायच्या. एक ट्रेडल, खिळ्यांच्या चार केसा, एक वयस्कर जुळारी आणि मालक. पहिलं प्रूफ यायचं, ते तपासायचं, मग दुसरं, आणि शेवटच्या प्रूफावर 'छापावे' असं लिहून खाली सही करायची. सही केल्याशिवाय मालक मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. मी घाईत असले तरी म्हणायचे, "सही राहिली बाई."

सन १९७७. मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक होऊन गेलेली, दिल्लीत जनता पक्षाचं सरकार आलेलं. एप्रिलमध्ये आमची वार्षिक परीक्षा. सहावीच्या मराठीच्या पेपरात मी निबंधाला विषय दिला होता 'माझा आवडता पक्षी'. प्रूफात एक वेलांटी गळलेली होती, आणि मी, नोकरीत नवी, तोंडी परीक्षांच्या गडबडीत, न बघता 'छापावे' लिहून मोकळी झाले. परीक्षेच्या दिवशी पेपर वाटला. 'माझा आवडता पक्ष'. अकरा-बारा वर्षांची पोरं, पण निम्म्यांनी निमूट निबंध लिहिले! एकानं नांगरधारी शेतकऱ्याचं चित्रसुद्धा काढलं. आता हसू येतं. तेव्हा पाय लटपटत होते, कारण दोन पालक राजकारण शिरवलं म्हणून शाळेत भांडायला आले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, तो प्रूफाचा कागद समोर ठेवला आणि एकच विचारलं, "सही कोणाची?"

माझीच होती. जुळाऱ्याला कोणी बोल लावला नाही, छापखान्याला लावला नाही. मी पालकांची माफी मागितली, मुलांचे पेपर दोन्ही विषय धरून तपासले, आणि त्यानंतर तीस वर्षांत माझ्या सहीच्या कागदात वेलांटी गळली नाही. मी काही मोठी हुशार होते असं नव्हे. तो कागद आपल्यासमोर पुन्हा येऊ शकतो, ही भीती होती.

आता त्या गार खोलीतल्या मुलाकडे येते. मी त्याला विचारलं होतं, छापखाना बंद का केला. तो म्हणाला, "आजी, आता ऑक्सफर्डनंसुद्धा प्रेस बंद केला." मला खरं वाटलं नाही. घरी येऊन भाच्याला शोधायला सांगितलं, आणि खरंच की! ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचा मुख्य छापखाना १९८९ सालीच बंद झाला होता, आणि ऑक्सुनिप्रिंट नावाची जी छपाईची शाखा मागे उरली होती ती २०२१च्या ऑगस्टमध्ये बंद केली. वीस माणसांच्या नोकऱ्या गेल्या. कमी होत चाललेलं काम आणि वर कोरोना, हे कारण दिलं गेलं. पुस्तकं अर्थात निघतातच, छापतात दुसरे.

म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. पण अर्धंच बोलत होता. म्हणून मी बाकीचं अर्धं शोधून वाचलं, तेही सांगते.

ऑक्सफर्डमध्ये पहिलं पुस्तक छापलं गेलं १४७८ साली, ख्रिस्ती धर्मश्रद्धेवरचं एक लॅटिन भाष्य. आणि त्या पहिल्याच पुस्तकावर साल चुकलं आहे! रोमन आकड्यांतला एक 'एक्स' गळला आणि १४७८चं १४६८ झालं. आता इंग्लंडात छपाई आणली ती कॅक्स्टननं, १४७६ साली, वेस्टमिन्स्टरला. पण ह्या गळलेल्या दहा वर्षांच्या आधारावर सतराव्या शतकात एकानं चक्क पुस्तक लिहून दावा केला, की कॅक्स्टनच्या आधी ऑक्सफर्डलाच छपाई सुरू झाली होती. माझी वेलांटी परवडली म्हणायची. पुढे १७१७ साली तिथं छापलेल्या बायबलमध्ये द्राक्षमळ्याच्या दृष्टान्ताच्या मथळ्यात 'मळा' जाऊन 'व्हिनेगर' आलं, आणि ती आवृत्ती आजतागायत 'व्हिनेगर बायबल' म्हणूनच ओळखली जाते. १८६५ साली त्याच विद्यापीठाच्या छापखान्यात 'ॲलिस'ची पहिली आवृत्ती छापली, दोन हजार प्रती. चित्रकार टेनिएलला चित्रांची छपाई पसंत पडली नाही, तर लेखकानं, जो स्वतः ऑक्सफर्डलाच गणित शिकवत होता, ती आवृत्तीच मागे घेतली आणि दुसऱ्या छापखान्याकडून पुस्तक पुन्हा छापून घेतलं.

तेव्हा जुना छापखाना म्हणजे सोवळ्यातलं देवघर होतं असं मी म्हणत नाही. चुका तिथंही झाल्या, गमतीदार झाल्या, भयंकर झाल्या. पण त्या चुकांतून त्यांनी काय केलं बघा. होरेस हार्ट नावाचा तिथला मुद्रक, त्यानं १८९३ मध्ये आपल्या जुळाऱ्यांसाठी आणि मुद्रितशोधकांसाठी चोवीस पानांची एक पुस्तिका छापली. कुठला शब्द कसा लिहायचा, कुठं स्वल्पविराम द्यायचा, शब्द कुठं तोडायचा. ती घरच्या वापरासाठी होती, पण बाहेरच्यांनी इतकी मागितली की १९०४ साली विक्रीला काढावी लागली. छापखान्यातल्या कामगारांसाठी केलेले नियम साऱ्या इंग्रजी जगानं उचलले! आणि आपला संबंध म्हणाल तर, सायणभाष्यासह ऋग्वेद सहा खंडांत ह्याच छापखान्यातून निघाला, १८४९ ते १८७४. प्रुफं तपासता यावीत म्हणून मॅक्स म्युलर ऑक्सफर्डला येऊन राहिला. पंचवीस वर्षं! नाहीतर इथे एक 'ज्योत्स्ना' वाचायला कोणाला वेळ नाही.

आपल्याकडेही हे नव्हतं असं नाही. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली पंचांग छापलं तेव्हा छापलेलं पंचांग चालेल का, विटाळ होईल का, असे प्रश्न होते. त्या लोकांच्या हातात निर्णयसागरसारखं नाव पुढे उभं राहिलं, जावजी दादाजींचं. निर्णयसागरची प्रत म्हटलं की शास्त्रीमंडळी डोळे मिटून विश्वास ठेवायची. ती पत कागदाच्या गुळगुळीतपणानं आली नव्हती. पदरी पंडित ठेवून वाचून घेतल्यामुळे आली होती.

आणि आता आपण कुठं आलो आहोत? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ झाला, दीड लाखावर विद्यार्थ्यांना पदव्या दिल्या गेल्या. त्यानंतर बातमी आली की त्यांतल्या काही प्रमाणपत्रांवर विद्यापीठाच्या मुद्रेत इंग्रजीत 'मुंबई' हा शब्दच चुकला आहे. 'ए' अक्षर जास्तीचं घुसून 'मुमबाई'सारखं काहीतरी झालं होतं. १८५७ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, १९९६ साली बॉम्बेचं मुंबई झालेलं, त्या बदलासाठी लोकांनी किती वाद घातले, आणि तेच नाव पदवीवर चुकीचं! छपाईतली चूक आहे, बदलून देऊ, असं विद्यापीठानं सांगितलं. द्यायलाच हवीत. पण मला त्यात दिसते ती निराळी गोष्ट. विद्यार्थ्याचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं असतं, ते एखादं चुकलं तर निदान समजू शकते. मुद्रा मात्र सगळ्या कागदांवर सारखीच. म्हणजे गठ्ठ्यातला कुठलाही एकच कागद कोणी शेवटपर्यंत वाचला असता तरी पुरे होतं. एक कागद!

हे मी एका प्राध्यापक स्नेह्यांना फोनवर म्हणाले तर ते माझ्यावरच उखडले. "तुम्हाला काय, विद्यापीठांनी पुन्हा खिळे जुळवत बसावं? आमच्या त्या मुद्रणालयात चाळीस माणसं होती, दहा काम करायची. अभ्यासक्रमाच्या पुस्तिका सत्र संपताना हातात यायच्या." मान्य. मीही तो काळ पाहिला आहे. पुस्तिकेसाठी हेलपाटे मी घातलेत. यंत्रं जुनी झाली, बाहेर स्वस्तात आणि झटपट होतं, तर द्या बाहेर. सोनेरी रंग फासलेलं ते ट्रेडल पुन्हा फिरवा असं माझं म्हणणं नाहीच. छपाई बाहेर द्या, पण वाचणं बाहेर कसं देता? निविदा काढताना कागदाचं वजन लिहिता, होलोग्राम लिहिता, सगळ्यांत कमी दर कोणाचा ते बघता. प्रूफ कोण तपासणार, 'छापावे' कोण लिहिणार, ते का लिहीत नाही? यंत्रं विकलीत ती विकलीत, त्यांच्याबरोबर मुद्रितशोधकाची खुर्चीसुद्धा भंगारात काढलीत. आणि ज्या पैशात असे चार माणूस वर्षभर पोसले गेले असते, तेवढा पैसा एका पानभर जाहिरातीत एका सकाळी रद्दीत जातो. त्या पदावर बसायला आमच्यासारखे निवृत्त मराठीचे शिक्षक आहेत, मराठी घेऊन एमए झालेली आणि घरी बसलेली पोरंपोरी आहेत. मानधनावर येतील बिचारी.

स्नेही म्हणाले, "अहो, आता सगळं डिजिलॉकरमध्ये असतं, कागदाचं काय घेऊन बसलात?" त्यावर ज्योत्स्नाच्या मुलीनंच मला मोबाइल उघडून दाखवलं होतं. तिथंही 'जोत्सना'. पूर्वी चूक एका कागदावर असायची, आता जिथून कोणी मागेल तिथं ती आधी जाऊन बसलेली असते.

मला सर्वांत लागलं ते पाचशे रुपयांचं. अहो, विद्यापीठ तयार करतं त्यातली हाताला लागणारी वस्तू एवढी एकच. शिकवतं कॉलेज, पुस्तकं ज्याची त्यानं घ्यायची, राहणं-खाणं आईबापाचं. विद्यापीठाच्या घरातून निघतो तो एक कागद, आणि त्यावरची त्यांची चूक दुरुस्त करायला पैसे ती मुलगी भरणार, प्रतिज्ञापत्र ती करणार, एसटीचं भाडं ती देणार. प्रतिज्ञापत्रात तर तिनं शपथेवर लिहायचं, की दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. चुकीच्या नावाची अशी कोणी व्यक्ती नाहीच मुळी! जगात नसलेल्या एका जोत्सनाला ज्योत्स्नाच्या मुलीनं शंभराच्या की पाचशेच्या मुद्रांकावर आई म्हणून मान्य करायचं.

मी त्या साहेबांना हेच सांगितलं. जेवून आले होते, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण ह्याला जबाबदार असा एक माणूस मला दाखवता येणार नाही." खरं बोलले. तेवढ्यासाठी मी त्यांना मनातून मार्क दिले. शुल्क मात्र घेतलंच.

ते वार्तापत्र मी तेवीस ठिकाणी लाल शाईनं तपासून, मागच्या पानावर 'पुन्हा लिहून आणावे' असा शेरा मारून, खाली तारीख घालून सही करून रजिस्टर पोस्टानं पाठवायला ठेवलं होतं. आमच्या पोस्टातला मुलगा म्हणाला, "आजी, रजिस्टर आता बंद झालं, स्पीड पोस्टच आहे." (२०२५ पासून दोन्ही एक केलंय म्हणे.) ठीक आहे, स्पीड पोस्टानं धाडलं. पोच आली. उत्तर अजून नाही.

काल ज्योत्स्नाची लेक नवीन प्रमाणपत्र घेऊन आली. मुदतीला दोन दिवस उरले होते. चहा ठेवला, भिंग काढलं आणि खिडकीत उजेडाला धरून बघितलं. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, ज्योत्स्ना, त ला स, स ला न, सगळं जागच्या जागी. विषय, श्रेणी, वर्ष बरोबर. मुद्रेतली अक्षरंसुद्धा वाचली. मग नजर खाली सहीकडे गेली. सहीखाली छापलं होतं 'कुलगुरु'. मराठीत शेवटचा रू दीर्घ हवा.

पोरीला काही बोलले नाही. तिला साडेपाचची गाडी पकडायची होती.